सांडव्यावरून गेलेलं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात एक बातमी दर वर्षी छापून येते. अमुक धरण काठोकाठ भरलं, सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, जलपूजन झालं. सोबत फोटो असतो. खणा-नारळानं ओटी भरणारे हात, मागं पांढऱ्या कपड्यांची रांग आणि त्यांच्याही मागं फेसाळत पडणारं पाणी. बातमीच्या शेवटी एक छोटी ओळ असते, ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’ मी सोनपेठचा माणूस आहे. म्हणजे त्या शेवटच्या ओळीत राहणारा. आजचं बोलणं त्या ओळीविषयी आहे.

आमचं गाव वाण नदीच्या काठावर. अकोल्याकडची वाण वेगळी, ती सातपुड्यातून येते. आमची वाण अंबाजोगाईच्या डोंगराकडून निघते. परळी तालुक्यात नागापूरला तिच्यावर धरण आहे. तिथून ती सोनपेठला येते आणि पुढं वाणीसंगमला गोदावरीत मिळते. गोदावरीला आमच्याकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. हिंदूही म्हणतात, मुसलमानही म्हणतात. या गंगेत वर पैठणच्या जायकवाडीनं सोडलेलं पाणी असतं. मंजरथला तिला सिंदफणा मिळते, तिच्यातून माजलगाव धरणानं सोडलेलं येतं. अशा तीन धरणांचे सांडवे आमच्या उशाशी आहेत. त्यामुळं सांडवा ही आमच्यासाठी प्रेक्षणीय गोष्ट नाही, शेजारी आहे.

सांडवा हा शब्द मला फार आवडतो. जुन्या मराठीत सांडणं म्हणजे नुसतं हातून ओतून जाणं नव्हे, सोडून देणं, त्यागणं. माणूस अभिमान सांडतो, घरदार सांडतो. धरणाला जे पोटात ठेवता येत नाही ते त्यानं शहाणपणानं सोडून द्यायची जागा, तो सांडवा. आपण मात्र ‘ओव्हरफ्लो’ म्हणतो आणि त्यात धरणाचा पराक्रम बघतो.

धरण म्हटलं की आपल्याला भिंत दिसते. बांधणाऱ्याला आधी सांडवा बघावा लागतो. आपल्याकडची बहुतेक धरणं मातीची आहेत. मातीची भिंत पाणी अडवते, पण डोक्यावरून जाणारं पाणी तिला सोसत नाही. एकदा माथ्यावरून धार सुरू झाली की ती माती कापत जाते, घळ पडते आणि काही तासांत भिंत राहत नाही. गुजरातेत मोरबीजवळ मच्छू नदीवरचं दुसरं धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असंच फुटलं. सांडवा जेवढं पाणी नेईल म्हणून बांधला होता, त्याच्या दुपटीहून जास्त पाणी त्या दिवशी आलं. ते मातीच्या बाजूंवरून गेलं आणि मोरबी गावात हजारो माणसं मेली. म्हणून सांडव्याचा माथा नेहमी भिंतीच्या माथ्यापेक्षा बराच खाली ठेवतात, आणि सांडवा दगडाचा किंवा काँक्रीटचा करतात.

यात एक हिशेब आहे तो सगळ्यांना माहीत असायला हवा. उघड्या सांडव्यावरून पाण्याचा थर एक फुटाचा असेल आणि तो दोन फुटांचा झाला, तर खाली येणारं पाणी दुप्पट होत नाही, पावणेतीन पटींहून जास्त होतं. कारण थर वाढला की पाण्याचा वेगही वाढतो. ओढ्यापलीकडं शेत असलेला माणूस सकाळी बघून जातो, ‘गुडघाभर आहे, येताना मांडीभर होईल’. पाणी या हिशेबानं चालत नाही.

आणि उंचावरून पडलेल्या पाण्याची ताकद कुठं तरी जिरवावी लागते. नाहीतर ते धरणाचाच पाया उकरतं. म्हणून सांडव्याच्या पायथ्याशी काँक्रीटचं कुंड असतं, किंवा शेवटी वर वळवलेला ओठ असतो. पाणी तिथं उसळतं, स्वतःवरच आपटतं आणि दमून पुढं जातं. आपण ज्या फेसाचा फोटो काढतो तो या दमण्याचा असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याचं काँक्रीट २०१७ च्या फेब्रुवारीत उखडलं, तेव्हा खालच्या पावणेदोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडून जावं लागलं होतं. भिंत शाबूत होती. बिघडली होती ती पाणी सोडायची जागा.

आपल्या मराठवाड्यात सांडव्याचा सगळ्यात देखणा इतिहास नळदुर्गला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या या किल्ल्यात बोरी नदी आत घेऊन तिच्यावर दगडी बंधारा बांधला आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या कारागिरानं तो बांधला. बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल आहे, पाणी महाल. बंधारा भरला की जादा पाणी दोन वाटांनी खाली पडतं, त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि आत माणूस कोरडा. मुघलांच्या बागांत पाण्याच्या अशा पडद्याला चादर म्हणत. आमच्या घरात चादर म्हटलं की दर्ग्यावर चढवायची चादर आठवते, पण नळदुर्गला मला पहिल्यांदा कळलं की या शब्दात पाणीही आहे.

शोभा सोडा, त्या बांधकामातली गोष्ट वेगळी आहे. चारशे वर्षांत बोरीला किती पूर आले असतील. बंधारा उभा आहे. कारण पाण्यानं कुठून जायचं हे बांधणाऱ्यानं आधी ठरवलं होतं, आणि ते कधी जायचं हे कुणाच्याच हातात ठेवलं नव्हतं. भरलं की सांडणार. तिथं दार नाही, दार उघडणारा नाही, हुकूम नाही. भंडारा-गोंदियाकडं मालगुजारी तलाव आहेत, त्यांचीही रीत अशीच. वरचा तलाव भरला की त्याचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात, तो भरला की त्याच्या खालच्यात. वरच्याचं जादा झालेलं पाणी खालच्याची ठेव होते.

उघड्या सांडव्याची एकच अडचण. त्याच्या माथ्याच्या वर पाणी साठवता येत नाही. मग माणसानं माथ्यावर दारं बसवली. यातलं एक मोठं पाऊल आपल्या महाराष्ट्रात पडलं. पुण्याजवळचं खडकवासला धरण १८७९ च्या सुमाराचं. तिथं १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी स्वतः घडवलेली आपोआप उघडणारी दारं बसवली. भिंत न वाढवता साठा वाढला. पाणी ठरल्या पातळीच्या वर गेलं की दार आपसूक उघडायचं, उतरलं की मिटायचं. तशीच दारं पुढं ग्वाल्हेरकडच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर गेली. माझ्या मते या कल्पनेत नळदुर्गचा शहाणपणा शिल्लक होता. दार होतं, पण मर्जी नव्हती.

विश्वेश्वरय्यांचा आमच्याशी आणखी एका अंगानं संबंध येतो. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आमची राजधानी हैदराबाद. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीनं ते शहर बुडवलं. वरचे अनेक तलाव एकामागून एक फुटले आणि त्यांचं पाणी एकाच वेळी शहरावर आलं. उर्दूतले मोठे रुबाईकार अमजद हैदराबादी त्या पुरात वाचले. त्यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अफझलगंजात एक चिंचेचं झाड आहे, त्याच्यावर चढून दीडशेच्या आसपास लोक जगले, ते झाड लोकांनी जपलं आहे. पुढच्या वर्षी निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं ते आजही मोलाचं आहे, की शहराच्या वर असे जलाशय बांधा ज्यांच्यात पुरासाठी जागा रिकामी ठेवता येईल. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि इसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली झाला. धरण भरण्यासाठी असतं हे सगळे जाणतात. ते थोडं रिकामं ठेवण्यासाठीही असतं, हे हैदराबादनं हजारो जीव गमावून शिकलं.

आता जायकवाडी. हे नाव पैठणच्या धरणाला का, असं मुलं विचारतात. हैदराबाद राज्यात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचा विचार होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढं जागा शंभरेक किलोमीटर वर, पैठणला सरकली. तिथून कालवे लांबवर नेता येतात, जास्त जमीन भिजते. जागा बदलली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांब, बहुतेक मातीची भिंत आणि मध्ये सांडव्याला २७ दारं. ही दारं पोलादी, वक्राकार. ती पाणी पाहून आपोआप उघडत नाहीत. माणूस उघडतो.

इथं आमच्या गंगेचा इतिहास बदलला. धरणाआधीचा पूर पावसाच्या मागोमाग यायचा. आभाळ भरायचं, दोन-तीन दिवस झड लागायची, पाण्याचा रंग बदलायचा, लाकडं वाहत यायची. लोकांना कळायचं. माझ्या ओळखीचे एक भोई मामा आहेत, सगळं आयुष्य गंगेवर गेलं. ते म्हणतात, ‘‘भाई, पयलं आभाळ बघून कळायचं गंगा येणार का न्हाई. आता आभाळ बघून कायबी कळत न्हाई. ऊन पडलेलं असतंय आन पाणी चढत असतंय.’’ मामांनी एका वाक्यात सांगितलं ते खरं आहे. पाऊस नाशिकला पडून गेलेला असतो, दार पैठणला उघडलेलं असतं, आणि पाणी आमच्यापर्यंत यायला एखादा दिवस तरी जातो. तोवर आमच्याकडं ऊन पडलेलं असू शकतं.

मी दार उघडणाऱ्याला दोष देत नाही. त्याची अवस्था वाईट असते. जुलैतच धरण पूर्ण भरून ठेवलं तर सप्टेंबरच्या पाण्याला जागा राहत नाही. जागा ठेवून बसलं आणि पुढं पाऊस पडलाच नाही, तर मराठवाडा त्याला माफ करत नाही. म्हणून कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचा तक्ता असतो, आणि कधी धरण शंभर टक्के भरायच्या आधीच दारं वर उचलतात. लोक चिडतात, ‘भरलं नाही तर सोडता कशाला?’ चिडणारा कालव्याखालचा असतो. नदीकाठच्या माणसासाठी तेच बरं असतं. आधी थोडं थोडं सोडलेलं पाणी नदीच्या पात्रात मावतं, शेवटी एकदम सोडलेलं घरात येतं.

किती पाणी, तेही बघू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, मोठ्या दोन घागरी. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दोन लाख घागरी. हे दिवसभर सुरू राहिलं तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी होतं. जायकवाडीचा वापरता येणारा साठा शहात्तर टीएमसीच्या आसपास आहे, म्हणजे एवढ्या वेगानं ते नवव्या दिवशी रिकामं होईल. २००६ च्या ऑगस्टात सुमारे अडीच लाख क्युसेक सोडावं लागलं होतं. पैठण बुडालं, खाली नांदेडपर्यंत गंगेनं घरं घेतली. २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा सगळीच्या सगळी २७ दारं उघडली, विसर्ग दोन लाखांच्या पुढं गेला आणि परभणी जिल्ह्यातली गोदाकाठची गावं पाण्यानं वेढली. त्या वेळी वर नाशिकचंच पाणी नव्हतं, मराठवाड्यातच महिनाभर कोसळत होतं.

आमच्याकडं याचा परिणाम दुहेरी होतो. गंगा भरलेली असली की वाणेला तिच्यात शिरता येत नाही. संगमावर पाणी पाण्याला अडवतं आणि वाण उलटी फुगत मागं येते. नागापूरचं धरण सांडत असेल तर वरून येणारं पाणी आणि खालून फुगणारं पाणी, यांच्या मध्ये ओढ्याकाठची शेतं सापडतात. अशा वेळी पाणी वाहून जात नाही, उभं राहतं. कपाशीची मुळं चार दिवसांत कुजतात. पंचनाम्यात याला ‘पुराचं पाणी’ म्हणतात. शेतकरी त्याला तुंब म्हणतो, आणि शेतकऱ्याचा शब्द अधिक बरोबर आहे.

आता त्या शेवटच्या ओळीकडं येतो. ‘सतर्कतेचा इशारा.’ दवंडी असते, देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगतात, अलीकडं मोबाईलवर मेसेज फिरतो. त्यात आकडा असतो, दीड लाख क्युसेक. या आकड्यावर गंगेकाठच्या म्हातारीनं काय करायचं? शेळ्या सोडायच्या की धान्याची पोती माळवदावर चढवायची? तिला हवं असतं एवढंच, की पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागेल आणि किती वाजता. हे सांगता येत नाही असं नाही. अमुक विसर्गाला अमुक ठिकाणी किती उंची होते, याचे हिशेब जलसंपदा खात्यात असतात. त्यावरूनच पूररेषा आखतात, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा नकाशावर आहेत. त्या शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओट्यावर, दर्ग्याच्या कमानीवर रंगानं काढल्या आणि शेजारी क्युसेक लिहिले, तर ती म्हातारीही इशारा वाचू शकेल. रंगाचा डबा लागेल, आणखी काही नाही. क्युसेकचं पायऱ्यांमध्ये भाषांतर करायचं आहे, आणि भाषांतराचं काम किती महत्त्वाचं असतं हे मी दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळं जाणतो.

आणखी एक वाक्य दर वर्षी ऐकू येतं, ‘सांडव्यावरून पाणी वाया गेलं’. मला ते पटत नाही. जायकवाडी भरतं ते कशानं? वर दारणा भरलं, गंगापूर भरलं, त्यांनी सोडलेलं पाणी नांदूर मधमेश्वरवरून खाली येतं. प्रवरेवर भंडारदरा आणि निळवंडे भरतं, त्यांचं येतं. वरच्यांनी सांडलं नाही तर पैठणला पावसाच्या पाण्यानं किती भरणार? २००५ साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि दुष्काळात वरच्या धरणांनी खाली पाणी सोडावं की नाही यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा कोर्टात उभे राहिले. तेव्हा आम्ही मराठवाड्याची माणसं म्हणत होतो, पाणी खालच्याचंही आहे. मग सप्टेंबरात आमच्या पुढून नांदेडकडं जाणारं पाणी ‘वाया’ कसं? आमच्याच तालुक्यात गंगेवर खडक्याला बंधारा आहे. त्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणीच नव्हतं म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. वरून सांडून आलेल्या पाण्यावर दिवे लागतात, आणि ते आलं नाही की विझतात.

आमच्यापासून पुढं ते पाणी गंगाखेड, पालम करत नांदेडला जातं, विष्णुपुरीला थबकतं आणि धर्माबादजवळ बाभळीला पोचतं. बाभळीच्या बंधाऱ्याला १४ दारं. महाराष्ट्र आणि तेव्हाचं आंध्र यांच्यात त्यावरून मोठा वाद झाला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर ही दारं उघडी ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. बाभळीची साठवण पावणेतीन टीएमसी. लाखभर क्युसेकचा पूर असेल तर हा बंधारा आठ तासांत भरेल. पण पूर असतो तेव्हा दारं वर असतात. ती खाली येतात तोवर बहुतेक पाणी तेलंगणातल्या श्रीरामसागरात पोचलेलं असतं. तिथं ४२ दारं आहेत. तीही उघडली की पाणी आणखी खाली, धवळेश्वरमला, जिथं आर्थर कॉटननं १८५२ साली बंधारा पूर्ण केला होता. तिथून कालव्यांनी भातशेतीला, आणि उरलेलं बंगालच्या उपसागराला.

बाभळीची दारं पडतात त्याच सुमाराला आमच्याकडं संगमावरचं पाणी उतरतं. काठावर काळा, मऊ गाळ उघडा पडतो, त्यात पाय घोट्यापर्यंत जातो. ज्यांची सोयाबीन-कपाशी पंधरा दिवस पाण्याखाली होती तेच लोक मग गाळपेरीला लागतात. नांगरायची गरज नसते. वाफसा आला की हरभरा आणि ज्वारी टाकतात, आणि पंचनाम्याचा कागद तलाठ्याकडं पडलेला असतानाच त्या गाळातून कोंब वर येतो.